सुखनिवासची औषधपेटी

दिगंबर सबनीस पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले त्याला अठरा वर्षं झाली, पण वस्तू योग्य त्या दारी पोचवायची खोड काही सुटली नाही. आधी पत्रं होती, नंतर गोळ्या आल्या, एवढाच काय तो फरक.

गोष्ट पुढच्या काळातली, पण फार लांबच्या नाही. आज जी मुलं दप्तर टाकून खेळायला पळतात, ती तेव्हा मोठी होऊन सोसायटीच्या मीटिंगला दांडी मारायला शिकली होती. कोल्हापुरातल्या सुखनिवास सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं होती आणि त्या चोवीसांच्या उरलेल्या औषधांचा सांभाळ एकटे सबनीस करत. पोस्टातलं भंगारात निघालेलं, पत्रं लावायचं खणाखणांचं कपाट त्यांनी घरी आणलं होतं. खणांवर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या होत्या: घसा, पोट, दात, लघवी, जखम, ताप (साधा), ताप (काळजीचा). डॉक्टरांनी दहा गोळ्या लिहून दिल्या आणि चौथ्यालाच माणूस ठणठणीत झाला, तर उरलेल्या सहा सबनीसांकडे यायच्या. आदल्या दिवसाचा भात आपण फोडणीला टाकतो, शिळ्या भाकरीचा कुस्करा करतो, मग चांगल्या गोळ्या कचऱ्यात कशा टाकायच्या, हा त्यांचा सवाल होता.

मधल्या काळात सरकारने जंतूंवरची औषधं डॉक्टरांच्या सांकेतिक क्रमांकाशिवाय विकायला बंदी केली. सबनीसांच्या कपाटाला त्यामुळे फारच वजन आलं. कुणी जिन्यात शिंकलं की संध्याकाळी पाकीट घेऊन ते दारात हजर. पाकिटात दोन गोळ्या, फार तर तीन. पोस्टाची शिस्त अशी की जी गोळी आधी कालबाह्य होणार ती आधी जाणार, त्यामुळे कधी कधी घसा दुखणाऱ्याला लघवीच्या खणातली गोळी मिळे. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटलांच्या गावी म्हशी होत्या. त्यांच्यासाठी आणलेल्या मोठ्या गोळ्या उरल्या तेव्हा सबनीसांनी त्या सुरीने चार-चार तुकडे करून "ताप (काळजीचा)" मध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दार वाजवत आणि विचारत, बरं वाटलं ना? समोरचा म्हणे, हो हो, एकदम. मग वहीत तारीख, नाव, गोळी, संख्या आणि शेवटच्या रकान्यात "बरे वाटले". अशा सात जाड वह्या झाल्या होत्या आणि अठरा वर्षांत शेवटच्या रकान्यात दुसरं काही लिहायची वेळच आली नव्हती. असा हातगुण धन्वंतरीलाही लाभला नसेल, असं सबनीस मनातल्या मनात म्हणत आणि लगेच कानाला हात लावत.

त्यांची पत्नी शैलजाताई ह्या विषयावर कधीच काही बोलत नसत. सबनीसांना तो आदर वाटे.

दोन वर्षांपूर्वी महापालिकेने प्रत्येक सोसायटीच्या एका ड्रेनेज चेंबरमध्ये डब्याएवढं एक यंत्र बसवलं. त्याचं सरकारी नाव "सांडपाणी जनुकवाचन संच" असं होतं, म्हणून लोक त्याला खबऱ्या म्हणत. सुखनिवासचा खबऱ्या मागच्या अंगाला, चार नंबरच्या चेंबरमध्ये होता. दर सहा तासांनी तो चमचाभर पाणी ओढून घेई, त्यातल्या जंतूंची जनुकं वाचे आणि कुठल्या जंतूला कुठलं औषध बाधेनासं झालं आहे ते कळवून टाके. ही खबर कोल्हापुरातून दिल्लीला आणि दिल्लीतून त्याच मिनिटाला एकशे चाळीस देशांच्या जाळ्यावर जाई. पूर्वी देश आपापले जंतू लपवत, घरातली भांडणं शेजाऱ्यांपासून लपवावीत तसे. नाव खराब होईल, पर्यटक येणार नाहीत, मासळी कुणी घेणार नाही, ही भीती. त्यात लाखो माणसं गेली, तेव्हा कुठे एक करार झाला. त्याची कलमं पुष्कळ होती, पण गाभा दोन ओळींचा होता. जो आपली खबर देईल त्याला सगळ्यांची खबर मिळेल; आणि खरं सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही.

तर एका श्रावणात चार नंबरचं चेंबर तुंबलं. महापालिकेची गाडी चार दिवसांनी येणार होती. सबनीसांचे जिवलग बापू शिंत्रे शाहूपुरीतल्या फाउंड्रीत चाळीस वर्षं साचे बनवून निवृत्त झालेले, पहिल्या मजल्यावर एकटे राहणारे विधुर. वय शहात्तर, पण गाडीची वाट बघणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, बांबू घेतला आणि चेंबर मोकळं केलं. तेवढ्यात झाकणाची गंजकी कड नडगीला लागून बोटभर कापलं. सबनीस तासाभरात "जखम" खणातल्या दोन गोळ्या घेऊन दारात आले. बापूंनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावल्या आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, लई बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजला. रिक्षातून दवाखान्यात नेताना बापू सबनीसांनाच धीर देत होते.

त्याच दिवशी खबऱ्याने बोंब ठोकली. चार नंबरच्या चेंबरमध्ये असा एक जंतू सापडला होता की त्याच्यापुढे सतरा औषधं निकामी होती. इतकी वेगवेगळी औषधं पचवलेला जंतू जाळ्यात पूर्वी कधी आला नव्हता. करारानुसार गावाचं नाव जाहीर करायचं नव्हतं, फक्त एक लांबलचक क्रमांक द्यायचा होता. पण तो क्रमांक ज्या कारकुनाने टाइप केला त्याचा मेहुणा एका स्थानिक पेपरात होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा आला: "जंतूही जगात भारी!" मंगळवार पेठेत एका तालमीने अभिनंदनाचा फलकही लावला, तो संध्याकाळी कुणीतरी समजावून उतरवला.

परदेशातून विचारणा सुरू झाल्या. त्या यंत्राने मराठीत करून सोसायटीच्या चेअरमनकडे येत. डेन्मार्कने विचारलं, आपल्या इमारतीत रुग्णालय आहे काय? केनियाने विचारलं, बारा वर्षांपूर्वी बंद झालेलं एक औषध ह्या जंतूला माहीत आहे, ते आपणांस कोठून मिळते? सगळ्यांत अदबशीर पत्र उरुग्वेच्या प्रयोगशाळेतून, डॉक्टर इनेस नावाच्या बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की जनावरांच्या औषधाच्याही खुणा दिसत आहेत, तरी आपल्याकडे म्हशी कितव्या मजल्यावर राहतात हे कृपया कळवावे.

चेअरमन लोहारांनी ती पत्रं सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. एरवी त्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून शंभर निरोप पडत. त्या दिवशी एकही पडला नाही. सबनीसांना मात्र सगळं लख्ख कळलं. ते कपाटापुढे जाऊन उभे राहिले आणि खणाखणातून सतरा तऱ्हेच्या गोळ्या मोजल्या.

दवाखान्यात बापूंवर डॉक्टर रेश्मा मुजावर उपचार करत होत्या. पस्तिशीच्या, फटकळ, आणि पेशंटच्या नातेवाइकांना समजेल असं सांगायची हौस असलेल्या. त्यांनी सबनीसांना बाकावर बसवून सांगितलं की काकांच्या पायातला जंतू तोच आहे, चेंबरमधला. नेहमीची औषधं चालणार नाहीत. विष रक्तात उतरायला लागलंय. उद्या संध्याकाळपर्यंत योग्य औषध सुरू झालं तर बापू वाचतील, नाहीतर अवघड आहे.

मग त्यांनी एक आशेची गोष्टही सांगितली. जंतू एखाद्या औषधापासून बचाव करायला शिकतो तेव्हा तो बचाव फुकट मिळत नाही. समोरच्या दाराला अडसर घालायला कुणी मागच्या खिडकीची फळी उचकटून आणावी, तसं त्याचं होतं. म्हणजे दार बंद, पण कुठेतरी खिडकी उघडी. ज्या औषधाकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलं नाही, नेमकं तेच त्या खिडकीतून आत शिरतं. कुठली खिडकी उघडी आहे हे नुसती जनुकं वाचून अर्धवट कळतं. जंतूने कुठली दारं कुठल्या क्रमाने लावली, म्हणजे कुठलं औषध आधी बघितलं आणि कुठलं नंतर, हे कळलं तर पुरतं कळतं. प्रयोगशाळेत हा क्रम ठाऊक असतो. माणसांच्या बाबतीत जगात कुणालाच ठाऊक नसतो, कारण कुठली गोळी कधी आणि किती घेतली, ह्याबद्दल सगळी दुनिया डॉक्टरांशी खोटं बोलते.

"शिंत्रेकाकांना मी तीनदा विचारलं," मुजावरबाई म्हणाल्या. "म्हणतात, आयुष्यात कधी असली गोळी घेतली नाही. आई अंबाबाईची शपथ घेतात."

सबनीस बाकावरून उठले. बापूने खोटी शपथ घेतली होती, तीही अंबाबाईची, आणि मरायला टेकला असताना. कुणासाठी? तर मित्राच्या कपाटावर पोलीस येऊ नयेत म्हणून. असा मित्र सात जन्म तपश्चर्या करून मिळत नाही, आणि आपण त्याला काय दिलं, तर कुणाच्या तरी उरलेल्या दोन गोळ्या. त्यांनी ठरवलं. सातही वह्या डॉक्टरांपुढे ठेवायच्या. सोसायटीतल्या चोवीस घरांची सगळी दुखणी, अगदी चेअरमन लोहारांचं कुणाला न सांगण्याजोगं दुखणंही, उघडी पडतील. गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण बापू राहील.

घरी येऊन ते वह्या पिशवीत भरू लागले तेव्हा शैलजाताई आडव्या आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. नेऊ नका म्हणाल्या. का म्हणून विचारलं तर पदराशी चाळा करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या की त्यात लिहिलेलं सगळंच्या सगळं खरं असेल असं नाही. सबनीस उभ्या आयुष्यात बायकोवर एवढे संतापले नव्हते. सदतीस वर्षं पोस्टात काढली, एक मनिऑर्डर चुकीच्या हाती दिली नाही, आणि माझ्या नोंदी खोट्या? पिशवी उचलून ते ताडताड निघून गेले. शैलजाताई जिन्यापर्यंत मागे आल्या, पण त्यांना हाक मारायचं धाडस झालं नाही.

मुजावरबाईंनी वह्यांची पानं कॅमेऱ्यात टिपून जाळ्यावर टाकली तशी तिकडे एकच धावपळ उडाली. अठरा वर्षं, चोवीस घरं, सहा हजारांवर नोंदी, प्रत्येकीत तारीख आणि गोळ्यांची संख्या. डॉक्टर इनेसबाईंनी लिहिलं की आमच्या शास्त्राला ज्या कागदाची तीस वर्षं प्रतीक्षा होती तो आज मिळाला आणि तो लिहिणाऱ्या वैज्ञानिकाचा आम्हांला परिचय करून द्यावा. मुजावरबाईंनी तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. तशा परिस्थितीतही सबनीसांनी शर्टाची कॉलर सरळ केली.

पण सकाळी उत्तर आलं ते गोंधळाचं होतं. बापूंच्या नावावर वहीत एकतीस नोंदी होत्या. त्या क्रमाने हिशेब केला तर उरुग्वेच्या प्रयोगशाळेतलं यंत्र एक खिडकी दाखवत होतं. जनुकं मात्र दुसरीकडे बोट दाखवत होती. बापूंना म्हशीची गोळी कधीच दिलेली नव्हती, पण बापूंच्या पायातल्या जंतूला ती चांगलीच ओळखीची होती. पहिल्या खिडकीचं औषध दिलं आणि ते चुकलं, तर ताप राहील आणि मूत्रपिंडं जातील. दुसरी संधी मिळणार नव्हती. वहीप्रमाणे चालायचं की नाही, हे कोल्हापुरातच ठरवा, असं उरुग्वेने कळवलं.

मुजावरबाई सबनीसांना घेऊन बापूंच्या खाटेशी गेल्या. बापू तापाने लाल झाले होते, पण शुद्धीत होते. डॉक्टरीणबाईंनी वही समोर धरून विचारलं की ह्या एकतीस वेळच्या गोळ्या तुम्ही खरोखर घेतल्या होत्या का, आता तरी सांगा. बापूंनी सबनीसांकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. मग ह्याला जरा बाहेर पाठवा म्हणाले.

सबनीस जागचे हलले नाहीत. घाबरू नकोस, म्हणाले, मी सगळं कबूल केलंय, आता माझ्यासाठी खोटं बोलायची गरज नाही.

बापूंनी छताकडून सबनीसांकडे मान वळवली. "दिगू," अखेर ते म्हणाले, "रागावू नगंस. शपथ खरी हाय. तुझी एक बी गोळी माझ्या पोटात गेलेली न्हाई."

"मग गेली कुठे?"

"संडासात. अठरा वर्षं. तू पाठ फिरवलीस की मी साखळी वढायचो."

सबनीसांना हे ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. त्यांनी वहीचं पान उलटलं, पुन्हा उलटलं. पानभर त्यांच्याच अक्षरात "बरे वाटले, बरे वाटले" असं उतरत गेलं होतं.

"अरे मग नको म्हणायचं होतंस," ते म्हणाले.

"कसं म्हणू लेका?" बापूंना धाप लागत होती, पण ते थांबले नाहीत. "रिटायर झालास आणि सहा म्हयने गॅलरीत बसून ऱ्हायलास. पोस्टमन आला की उठून हुभा ऱ्हायचास आणि तो दुसऱ्याचं पत्र दिऊन जायचा. वहिनी रडायच्या माझ्याफुडं. मग ते कपाट आणलंस आणि माणसात आलास. दारात हुभा ऱ्हाऊन विचारायचास, बरं वाटलं का, आणि तुझं तोंड असं फुलायचं. त्याला मी न्हाई म्हणू?"

सबनीस स्टुलावर बसले. त्यांना राग आला होता, लाज वाटत होती आणि डोळे भरून आले होते. ह्या तिन्हींपैकी कशाकडे आधी बघावं ते कळत नव्हतं. आपण इतकी वर्षं ज्यांना बरं केलं असं समजत होतो, ते सगळे मिळून आपल्यालाच बरं करत होते की काय? हा "सगळे" शब्द मनात आला आणि ते दचकले. त्यांना बायकोचा उतरलेला चेहरा आठवला.

त्यांनी शैलजाताईंना फोन लावला आणि तू तरी गोळ्या घेतल्यास का म्हणून विचारलं. तिकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या की तुम्ही पहिल्यांदा मला दाताची गोळी दिलीत, तीसुद्धा संडासातच गेली. आणि मी एकटीच नव्हे. सोसायटीत सगळ्यांचं असंच ठरलंय. नवीन बिऱ्हाड आलं की कचरा कुठल्या वाराला, पाणी किती वाजता आणि सबनीसकाकांच्या गोळीचं काय करायचं, हे तिन्ही एकदमच सांगतात.

मग शैलजाताईंनीच पुढाकार घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ग्रुपवर निरोप टाकला. शिंत्रेभाऊजींचा जीव टांगणीला आहे. ह्यांच्या गोळ्या कुणी कुणी खरंच पोटात घेतल्या ते अर्ध्या तासात कळवा. हे रागावणार नाहीत. पंधरा मिनिटांनी चेअरमन लोहारांनी लिहिलं, "मी नाही. संडास. क्षमस्व." त्यानंतर बांध फुटला. पाटील, संडास. कुलकर्णी, बेसिन. डिसोझा, संडास, पण दोनदा चुकून घेतली आणि उलटी झाली. कचऱ्यात कुणीच टाकली नव्हती, कारण कचरा वेगवेगळा करून द्यायची शिस्तही सबनीसांनीच लावली होती आणि ते डबे उघडून बघत. अर्ध्या तासात तेवीस घरांची कबुली आली. अठरा वर्षांत औषधपेटीतल्या गोळ्या नेमाने गिळणारा सुखनिवासमध्ये एकच इसम निघाला, आणि तो फोन हातात धरून स्टुलावर बसला होता.

मुजावरबाई त्यांच्या खांद्यावरून फोनवरची यादी वाचत होत्या. वाचता वाचता त्या एकदम थांबल्या. त्यांनी विचारलं की सगळ्या घरांचं सांडपाणी कुठल्या चेंबरला येतं.

"चारला," बापू खाटेवरून म्हणाले. "सगळी लाइन तिथंच मिळती. म्हणून तर तुंबतंय."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. वही खोटी नव्हतीच. वही अगदी तंतोतंत खरी होती, फक्त पेशंटचं नाव चुकलं होतं. गोळ्या माणसांना मिळाल्याच नव्हत्या. सबनीसांनी गिळलेल्या सोडल्या तर एकूण एक गोळी ज्या तारखेला वाटली त्याच तारखेला, त्याच क्रमाने चार नंबरच्या चेंबरला मिळाली होती. चेंबरच्या भिंतीवर बुळबुळीत थर असतो, त्यात जंतू पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहतात; बापूंच्या बांबूने तो थर खरवडला तेव्हा कुठे ते खबऱ्याच्या हाती लागले. मरण्याइतकं औषध त्यांना कधी मिळालं नाही, शिकण्याइतकं मात्र जवळजवळ रोज मिळत गेलं. एकेक जंतू एकेक औषधाचा तोडगा शिकला आणि तो शेजाऱ्याला देत गेला. सतरा औषधांचा पूर्ण अभ्यासक्रम, तोही अठरा वर्षं खंड न पडता. अशी शाळा सबनीसांनी चालवली होती.

मुजावरबाईंनी सहा हजार नोंदींवरची सगळी नावं पुसली आणि एकाच रुग्णाच्या नावे त्या पुन्हा उरुग्वेला पाठवल्या. यंत्राचा अर्ज मात्र ठरलेला होता, रकाना मोकळा सोडून पुढे जाता येत नव्हतं. रुग्णाचं नाव, चेंबर क्रमांक चार. वय, सोसायटीएवढंच, एकतीस वर्षं. व्यवसाय ह्या रकान्यात काय लिहावं असं त्यांनी विचारलं तेव्हा बापू तशा तापातही म्हणाले, समाजसेवा लिवा.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं. ह्या वेळी जनुकं आणि वही दोघांनी एकाच खिडकीकडे बोट दाखवलं. औषध जुनं होतं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं, इतकं मागे पडलेलं की जाळ्यावर कुणाकडे साठा आहे हे शोधावं लागलं. केनियाने पुण्यातल्या एका भांडाराचं नाव कळवलं. पुण्यात आपल्याकडे ते आहे हे पुण्याला ठाऊक नव्हतं. दुपारी चारला इंजेक्शन कोल्हापुरात पोचलं. साडेचारला बापूंच्या शिरेत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि बापूंनी मिसळ मागितली. ती त्यांना मिळाली नाही.

सबनीसांवर खटला वगैरे झाला नाही, करारातच तशी सोय होती. महापालिकेच्या माणसांनी येऊन कपाटातल्या गोळ्या सील करून नेल्या आणि वह्यांबद्दल आभाराचं पत्र दिलं. चार नंबरचं चेंबर फोडून नवं बांधलं. सबनीस ह्या सगळ्याकडे गॅलरीतून नुसते बघत होते. ते कुणाशी बोलत नव्हते. जिन्यात लोक नजर चुकवत. शैलजाताईंनी त्यांच्या आवडीची आमटी केली, कटाची. ती त्यांनी खाल्ली आणि चांगली झालीय असंही म्हटलं नाही. त्यांना रात्रंदिवस एकच वाटत होतं, की आपण बापूला मारत होतो, आणि बापू त्याबद्दल आपल्याला बरं वाटलं म्हणत होता.

बापू घरी आले तेव्हा त्यांना त्याच औषधाच्या चौदा गोळ्या दिलेल्या होत्या. रोज संध्याकाळी एक, शेवटचीपर्यंत. एकही राहिली तर जंतू पुन्हा डोकं वर काढेल, असं मुजावरबाईंनी बजावून सांगितलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी सहा वाजता सबनीस खाली उतरले आणि बापूंचं दार वाजवलं. बापूंनी दार उघडलं, आत घेतलं, खुर्ची पुढे केली. काही तरी बोलावं म्हणून त्यांनी पायाची सूज उतरल्याचं सांगितलं. सबनीस सरळ टेबलाकडे गेले. टेबलावरच्या पट्टीतून एक गोळी काढून त्यांनी बापूंच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला हातात दिला. बापूंनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि मान हलवली.

"तोंड उघड," सबनीस म्हणाले.

"अरे गिळली की."

"उघड. जीभ वर कर."

बापूंनी आ केला. सबनीसांनी चष्मा सारखा केला, मोबाइलचा उजेड लावला आणि डाव्या गालफडात बघितलं, उजव्या गालफडात बघितलं, जिभेखाली बघितलं. मग ते संडासाच्या दारासमोर खुर्ची ओढून बसले.

बापू म्हणाले की मला जायचंय.

"अर्ध्या तासाने," सबनीस म्हणाले. "तोवर बोल माझ्याशी."